पंतांचं पोपटी दार

सरदार जगदेवरावांच्या मोटारीच्या डाव्या दारावर एक पोपटी डाग होता. चांगला ताटाएवढा. बाकी मोटार गर्द हिरवी, इतकी गर्द की सावलीत काळी वाटावी, आणि मधेच हा डाग. धारमध्ये ज्यांनी मोटार पाहिली त्यांनी डागही पाहिला, आणि तो कोणाचा हे ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना इतरांनी मोठ्या हौसेनं सांगितलं. सांगताना प्रत्येकानं पदरचं थोडं घातलं. खरं तेवढं इथं सांगायचं आहे, आणि ते नीलकंठपंत मुळ्यांना फारसं शोभेसं नाही.

साल एकोणीसशे बारा. पंत सरदारांच्या खासगीकडचे कारकून. त्या ज्येष्ठात त्यांची बायको गेली होती, तेव्हा घरात दिवाळी नव्हती. दिवाळी नसलेला माणूस रिकामा असतो अशी सरदारांची समजूत.

"पंत, तुमच्याकडे यंदा काही नाही ना?"

"नाही, सरकार."

"मग देवासला जा. ताईसाहेबांना भाऊबीजेला घेऊन या. मोटार न्या."

सासुरवाशिणीला माहेरी न्यायला जो माणूस जातो तो मुराळी. तो खरा भाऊ असावा, निदान चुलतभाऊ तरी. सरदारांच्या बहिणीच्या, भवानीबाईसाहेबांच्या, वाट्याला आला तो एक्कावन्न वर्षांचा कारकून. पण मोटार होती. मोटारीपुढे मुराळ्याकडे कोण बघतो!

"सरकार, उद्या अमावास्या आहे," पंत म्हणाले.

"मोटारीला अमावास्या नसते, पंत."

पंत सामान बांधायला घरी गेले.

मोटार चालवायला उमाशंकर होता. नालछ्याचा गडी, तिशीतला, नाकासमोर चालणारा. त्याच्या आधीच्या माणसाला सरदारांनी दिव्याच्या काचेचा टवका उडाला म्हणून त्याच दिवशी घरी पाठवलं होतं. तेव्हापासून उमाशंकर मोटारीला असं जपे, की पंतांना वाटे याचं लग्न हिच्याशीच झालं असावं. चढताना तो म्हणाला, "पंतजी, जोडे जरा झटकून घ्या हां. सीट चमड्याचं आहे. अन् पाणी आत नका सांडू. साब जान ले लेंगे."

पाणी आत नको म्हटल्यावर पंतांना फिरकीच्या तांब्याचं काय करावं हा प्रश्न पडला. तांब्या बायकोचा. पितळी, मळसूत्राच्या झाकणाचा, वर कडी आणि साखळी. बाजूला तिचं नाव कोरलेलं, पण बावीस वर्षं घासून ते इतकं उथळ झालं होतं की ज्याला ठाऊक त्यालाच वाचता यावं. प्रवासाला निघालं की ती तो बैलगाडीच्या खुंटीला बाहेरून टांगायची. बाहेर वाऱ्यावर पाणी गार राहतं, असं म्हणायची. पंतांना ते आठवलं. आठवलं याचं त्यांना बरंही वाटलं. त्यांनी साखळी दाराच्या बाहेरच्या पितळी मुठीत अडकवली आणि आत बसले.

धारहून देवास तीसएक कोस. मोटारीचा आवाज असा, की शेजारी तोफ सुटली तरी कळू नये. पंत सगळी वाट डोळे मिटून देवाचं नाव घेत होते. उमाशंकर उजवीकडे बसे, उजवीकडूनच उतरे. इंदुरात पंतांनी न उतरता, आतूनच हात घालून तांब्या काढला आणि ते घोटभर पाणी प्यायले. पाणी खरोखर गार होतं. त्यांनी तांब्या पुन्हा टांगला.

देवासची टेकडी दिसली तेव्हा पंतांनी गाडी थांबवली. मुराळ्यानं तोंडावरची धूळ तरी धुऊन जावं. खाली उतरून त्यांनी तांब्या काढला, आणि त्यामागचं दार त्यांना दिसलं. बारीक चंद्रकोरीसारखे ओरखडे, एकात एक, वीसेक असतील. फार नव्हते. तळहाताखाली झाकले जातील एवढेच. पण आरशासारख्या त्या दारावर ते कपाळावरच्या खोकेसारखे दिसत होते.

तेवढ्यात उमाशंकर वळसा घालून आला. पंतांचा तांब्याचा हात आपोआप पाठीमागे गेला.

उमाशंकरनं दार पाहिलं आणि तो तिथंच रस्त्यात खाली बसला.

"अरे राम! पंतजी, ये क्या हो गया?" त्यानं बोटानं ओरखडे चाचपले. "बाभूळ. घाटाबिल्लोदच्या पुढे बैलगाडीला रस्ता दिला ना, तब काँटा लगा होगा. म्हारी तो नोकरी गी, पंतजी. काँटाच असेल ना?"

आता इथं एका वाक्याचं काम होतं. 'नाही रे, माझा तांब्या.' पंतांनी तोंड उघडलंही.

"असेल," ते म्हणाले.

पुढं कितीतरी वर्षं पंतांना जेवताना, कचेरीत, देवळात, कुठंही हा शब्द आठवे आणि कानाच्या पाळ्या गरम होत. पण त्या वेळी त्यांनी स्वतःची समजूत घातली. ओरखडे काय, घासले तर जातील. गेले की सांगण्यासारखं काही उरतच नाही. कोणाची नोकरी जाणार नाही, कोणाचं नाव निघणार नाही. सगळा पुढचा खटाटोप या एका हिशेबावर उभा होता.

बाईसाहेबांच्या दारी अशी गाडी नेणं उमाशंकरच्या जिवावर आलं. म्हणून पंत चालत जाऊन निरोप देऊन आले, परवा भाऊबीजेला पहाटे निघायचं, आणि मोटार पंतांचे साडू मोरोपंत यांच्या घरासमोर उभी राहिली. मोरोपंत देवास थोरल्या पातीत कारकून. त्यांची बायको जानकीअक्का म्हणजे पंतांच्या बायकोची थोरली बहीण.

पाडव्याला सकाळी उमाशंकर टेकडीवर देवीला नवस बोलायला गेला. घरात अक्का मोरोपंतांना ओवाळत होत्या. दरसाल याच वेळी पंतांनाही कोणी ओवाळायचं. ते उठून बाहेर आले. हाताला काहीतरी काम हवं होतं, आणि समोर दार होतं.

पितळेवरचा डाग कसा जातो हे पंतांनी बावीस वर्षं ओसरीवर बसून पाहिलं होतं. राख, चिंच आणि काथ्या. तिच्या हाताखालून भांडं सोन्यासारखं निघे. त्यांनी न्हाणीघरातून तिन्ही वस्तू आणल्या, धोतर वर खोचलं आणि मनापासून घासायला बसले. इतक्या मनापासून त्यांनी घरातली वाटीही कधी विसळली नव्हती. पाव घटका घासून पाणी मारलं. ओरखडे खरंच गेले होते. त्यांच्याबरोबर सभोवारची चकाकीही गेली होती, आणि ताटाएवढा पांढुरका, मेलेला गोल दारावर उमटला होता.

मोरोपंत नव्या धोतरात, कपाळाला ओलं कुंकू लावून बाहेर आले आणि बराच वेळ बघत उभे राहिले.

"नीलकंठराव, हे काय, ग्रहण लागलं काय मोटारीला?"

"कसं घालवायचं ते सांगा."

"गोडं तेल! आमच्या पालखीच्या दांड्याला दर वर्षी चोपडतात."

तेल चोपडलं. दार क्षणभर असं झळकलं की दोघांनी एकमेकांकडे पाहून मान डोलावली. मग गल्लीतून पाडव्याचे बैल गेले, धूळ उडाली, आणि ती सगळी त्या गोलावर येऊन बसली. एव्हाना आळी जमली होती. ज्यांनी उभ्या जन्मात मोटार पाहिली नव्हती त्यांनाही तिच्या रोगणाची सगळी माहिती होती. एक म्हणाला मेण लावा. एक म्हणाला, "भिया, ताक से धो दो, उष्णता निकल जायेगी." एका म्हाताऱ्यानं दाराला जीभ लावून चव घेतली आणि हे विलायती आहे, असा निर्वाळा दिला. मेण झालं, ताक झालं. दाराला दहीवड्याचा वास येऊ लागला.

गर्दीचा आवाज ऐकून अक्का दारात आल्या. त्यांच्या हातात तो तांब्या होता. घासायला घेतला असावा.

"भावजी, याला पोचे कसले आले? आणि हे हिरवं काय लागलंय?"

पंत दार चोळत राहिले. अक्कांनी तांब्याकडे पाहिलं, मोटारीच्या मुठीकडे पाहिलं आणि गर्दीला ऐकू जाणार नाही अशा बेतानं विचारलं, "बाहेर टांगला होतात?"

"ती टांगायची."

"ती ओलं फडकं गुंडाळून टांगायची. फडक्यानं पाणी गार राहतं, आणि तांब्या आपटतही नाही. फडकं कुठंय?"

फडकं कुठं होतं! पंत बावीस वर्षं त्या तांब्यातलं पाणी प्यायले होते. फडकं त्यांनी हजारदा पाहिलं असणार. पण ती ते बांधताना त्यांचं लक्ष कधी गेलं नव्हतं. फक्त गार पाण्याकडे गेलं होतं.

"त्या गाडीवाल्याला सांगितलंत?" अक्कांनी विचारलं.

"दार नीट झालं की सांगतो."

अक्कांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं. तांब्या त्यांनी पंतांच्या हातात दिला आणि आत गेल्या. त्यांची बहीणही आपल्याकडे असंच पाहून आत गेल्याचे दोन-चार प्रसंग पंतांना आठवले.

आता चिताऱ्याशिवाय गत्यंतर नव्हतं. गावात एक होता, कृष्णाजी, पालख्या-मेणे रंगवणारा. पण तो धाकट्या पातीचा माणूस. देवास एकच गाव, पण त्याला संस्थानिक दोन, एक थोरल्या पातीचा, एक धाकट्या, आणि मोरोपंत अशा बाबतीत फार काटेकोर.

"धाकट्या पातीच्या चिताऱ्यानं, थोरल्या पातीच्या हद्दीत, धार संस्थानातल्या मोटारीवर काम करायचं! तोंडी होणार नाही. अर्ज हवा."

"अहो, दोन बोटांचा रंग लावायचा आहे!"

"दोन बोटं कोणत्या हद्दीत आहेत हा प्रश्न आहे."

मोरोपंतांनी अर्ज लिहायला घेतला. 'विनंती अर्ज ऐसा जे' इथपर्यंत छान झालं. पुढं मोटार हे वाहन म्हणावं की यंत्र यावर ते अडले. वाहनाचा दप्तरखाना वेगळा, यंत्राचा वेगळा. शिवाय पाडव्याला दोन्ही बंद. पंत त्यांना तसंच लेखणी चावत सोडून स्वतः कृष्णाजीकडे गेले.

कृष्णाजी अंगणात बैलांची शिंगं रंगवत होता. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "पंतजी, विलायती रोगण म्हाऱ्याकडे कुठून? मागवलं तर मुंबईहून महिन्यानं येईल. हा शिंगांचा हिरवा आहे. पाहिजे तर न्या. सणाच्या दिवशी मी येत नाही. तुम्हीच लावा, सोपं आहे. बैल हलतो, मोटार तर हलत पण नाही."

वाडग्यात तो रंग बराच गर्द दिसत होता. लावल्यावरही थोडा वेळ गर्दच दिसला. पंतांनी सुस्कारा सोडून वाडगं पायरीवर, तांब्याशेजारी ठेवलं आणि ब्रश पुसायला वळले. धोतराचा सोगा साखळीत अडकला. तांब्या आडवा झाला आणि वाडग्यात पालथा पडला. त्यांनी झटकन उचलून, सापडलं त्या फडक्यानं घाईघाईनं पुसला. फडकं मोरोपंतांचं नवं उपरणं होतं, पण तो विषय मोरोपंतांनी पुढं स्वतंत्रपणे काढला.

दार वाळत गेलं तसा रंग उमलत गेला. उन्हं कलली तेव्हा ते पोपटी झालं होतं. लग्नाला निघालेल्या पोपटासारखं, अगदी टवटवीत.

उमाशंकर टेकडीवरून प्रसाद घेऊन आला. त्यानं दार पाहिलं, सगळी हकिकत ऐकली. चिडेल असं पंतांना वाटलं. तो त्यांच्या पायांकडे वाकला.

"म्हारे वास्ते इतकं केलं, पंतजी? सणाच्या दिवशी? माझी चूक, अन् तुम्ही उन्हात बसून घासत राहिले!" त्याचे डोळे भरले होते. "दाग रहा तो रहा. साब को मैं बोल दूँगा. म्हारीच गलती आहे."

पंतांनी प्रसाद घेतला. तो त्यांनी हातातच धरून ठेवला. खरं काय ते मात्र सांगितलं नाही. इथं सांगणाऱ्यालाही त्यांची बाजू घेता येत नाही.

भाऊबीजेला पहाटे भवानीबाईसाहेब आल्या. पन्नाशीच्या, अंगानं भक्कम, आवाज त्याहून भक्कम. दारापाशी त्या थबकल्या.

"हे काय? भावानं माझ्यासाठी सजवली की काय?"

उमाशंकर हात जोडून पुढं झाला. "बाईसाहेब, म्हारी गलती. बाभळीचा काँटा लागला."

"काट्यानं पोपटी रंग येतो?"

पंत सामान मोजत होते. दोन पेट्या आणि एक टोपली होती. ते सगळं त्यांनी चार वेळा मोजलं.

इंदूर मागं पडल्यावर बाईसाहेबांना तहान लागली. त्यांचा स्वतःचा पाण्याचा खुजा पेट्यांखाली अडकला होता. "पंत, तुमच्याकडे आहे का पाणी?" उमाशंकरनं मोटार लिंबाखाली घेऊन बंद केली. पंतांनी मांडीवरचा तांब्या पुढं केला. बाईसाहेब वरून धार धरून पाणी प्यायल्या आणि तांब्या फिरवून पाहू लागल्या.

"गोदावरी नीलकंठ मुळे," त्यांनी वाचलं. "ह्या तुमच्या मंडळी ना?"

पंतांनी पाहिलं. तांब्या पुसला होता तरी कोरलेल्या अक्षरांत हिरवा रंग बसून राहिला होता. बावीस वर्षांत झिजून गेलेलं नाव पोपटी अक्षरांत स्वच्छ उठून दिसत होतं. ते कोणी मोठ्यानं वाचलेलं पंतांनी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी स्वतः ते कधी तोंडानं उच्चारलं नव्हतं. रीत नव्हती.

"हो," ते म्हणाले. "ज्येष्ठात गेली."

"कळलं होतं मला." बाईसाहेबांनी पोच्यांवरून बोट फिरवलं. "याला पोचे फार आहेत, पंत. येताना कुठं ठेवला होतात?"

मोटार बंद होती. सगळीकडे शांत होतं. पुढच्या आसनावर उमाशंकरची पाठ दिसत होती.

"बाहेर," पंत म्हणाले. "दाराला टांगला होता. ओरखडे त्याचे आहेत. बाभूळ नव्हती. राख मी लावली. रंग मी लावला. याची काही चूक नाही. मला पहिल्यापासून ठाऊक होतं."

उमाशंकर वळला नाही. मग खाली उतरला, हँडल मारलं, मोटार सुरू केली आणि धारची वाट धरली. एरवी तो खड्डा आला की "सँभल के, पंतजी" म्हणे. त्या दिवशी पंतांनी धारपर्यंतचे सगळे खड्डे सूचनेवाचून खाल्ले.

धारला सरदार पायऱ्यांवरच उभे होते. बहिणीच्या पाया पडायच्या आधी त्यांची नजर दारावर गेली.

"उमाशंकर!"

"सरकार, मी," पंत पुढं झाले. "मी केलं. तांब्या टांगला, राखेनं घासलं, शिंगांचा रंग लावला. आणि दोन दिवस याच्यावर जाऊ दिलं."

अंगणात कचेरीतले सहा-सात जण होते. त्यातला एक हसला. मग दुसरा. शिंगांचा रंग म्हटल्यावर हसू आवरणं अवघडच. सरदार हसले नाहीत.

"दाराचं जाऊ द्या. पण दोन दिवस गप्प राहिलात? पंत, तुम्ही? माझ्या तिजोरीची किल्ली तुमच्याकडे असते."

पंतांनी कमरेची किल्ली काढून पायरीवर ठेवली. त्यांना दुसरं काही सुचलं नाही.

त्या दिवशी ओवाळून झाल्यावर जगदेवरावांनी बहिणीला विचारलं, काय हवं? ओवाळणीला नाही म्हणायचं नसतं. बाईसाहेब म्हणाल्या, "ते दार रंगवू नकोस. मला आवडलं. आणि मला परत सोडायला हाच मुराळी दे."

"हा? याच्यावर माझा विश्वास उरला नाही."

"तुझा नसू दे. याला एकदा खोटं जड गेलंय, ते मी पाहिलंय. किल्ली उचलून दे त्याची."

किल्ली मिळाली. सरदार मात्र महिनाभर पंतांशी कामापुरतंच बोलले, आणि कचेरीत शिंगं हा शब्द वर्षभर कोणत्याही निमित्तानं निघत राहिला.

आठ दिवसांनी बाईसाहेबांना पोहोचवायचं होतं. पंत पहाटेच येऊन मोटारीपाशी उभे राहिले. उमाशंकर दार पुसत होता. गर्द भाग मऊ फडक्यानं, पोपटी भाग नुसत्या हातानं.

"उमाशंकर, राग आहे ना माझ्यावर?"

उमाशंकरनं मान वर केली नाही. "असेल, पंतजी."

पंत डाव्या बाजूनं चढले आणि तांब्या मांडीवर घेऊन बसले. त्याला ओलं फडकं गुंडाळलं होतं. गाठ तीनदा सोडून बांधली होती, तरी तिच्यासारखी बसली नव्हती. धोतर भिजत होतं.

उमाशंकर हँडल घेऊन पुढं गेला, थांबला आणि परत आला. पंतांच्या मांडीकडे त्यानं पाहिलं. मग हात पुढं करून तांब्या घेतला, गाठ सोडली, घट्ट बांधली आणि साखळी पोपटी दाराच्या मुठीत अडकवली.

"बाहेरच बरा," तो म्हणाला. "पाणी गार राहतं."